बंदूकधारकाची आवड : अनुभव आणि शब्द

आवड ही ज्याची त्याची असते, तिची मीमांसा करता येत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु एखादी वस्तू दीर्घकाळ वापरणाऱ्या माणसांच्या आवडी जर विशिष्ट रीतीने पालटत गेलेल्या दिसल्या, तर त्या पालटाच्या मुळाशी काही नियम असला पाहिजे. आणि तो शोधण्यास त्या माणसांची भाषा हे एक साधन ठरावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखात बंदूक बाळगणाऱ्या व ती वर्षानुवर्षे वापरणाऱ्या माणसांच्या आवडीचा असा विचार करावयाचा आहे.

भाषेच्या अभ्यासकाला हा विषय काहीसा परका वाटेल. तो निवडण्याचे कारण असे की, बंदुकीच्या मालकांनी आपल्या हत्यारांविषयी विपुल लेखन करून ठेवले आहे, आणि त्यांच्या हत्यारांची नावे पुष्कळदा आकड्यांत असतात. त्यामुळे एखाद्याची आवड काल कोठे होती आणि आज कोठे आहे हे इतर वस्तूंच्या मानाने स्पष्ट वाचता येते. शिवाय येथे निवडीतील चुकीची किंमत तत्काळ चुकती करावी लागते. ती कधी जखमी होऊन झाडीत शिरलेले जनावर देते, तर कधी त्याच्या मागे जाणारा माणूस. प्रस्तुत लेखकाने बंदूक कधी बाळगलेली नाही. येथे आधार घेतला आहे तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे शंभर वर्षांच्या काळात सिलोन, आफ्रिका, हिंदुस्थान आणि अमेरिका येथे वावरलेल्या काही शिकाऱ्यांच्या लेखनाचा व त्यांच्या ज्ञात चरित्राचा.

प्रथम नावांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण नवख्या माणसाची आवड बहुधा नावापाशीच सुरू होते. 'बारा बोअर' हा शब्द आपल्याकडेही रुळलेला आहे. त्याचा अर्थ असा की, नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात. साहजिकच आकडा जितका लहान तितकी नळी रुंद. 'चार बोअर' म्हणजे पाव पौंडाची गोळी आणि सुमारे एक इंच व्यासाची नळी. रायफलीच्या बाबतीत हीच गोष्ट उलट दिशेने जाते. तेथे आकडा नळीच्या व्यासाचा, इंचाच्या दशांशांत सांगितलेला असतो, आणि तो मोठा म्हणजे हत्यार मोठे. पण हा आकडाही मोजमाप म्हणून घेतला तर फसवतो. इंग्लंडात जिला .२७५ रिग्बी म्हणतात ती रायफल आणि जर्मनीत जिला ७ मिलिमीटर मौझर म्हणतात ती, या दोहोंचे काडतूस वस्तुतः एकच आहे. आणि त्या काडतुसातील गोळीचा व्यास मोजला तर तो.२८४ इंच भरतो. अमेरिकेत १९२५ साली निघालेल्या .२७० विंचेस्टरची गोळी .२७७ इंचांची असते. म्हणजे हे आकडे मोजमापे म्हणून जन्मले आणि पुढे विशेषनामे झाली. 'एक्स्प्रेस' हे नाव आगगाडीवरून आले, 'मॅग्नम' हे मद्याच्या मोठ्या बाटलीवरून. अशा नावांत वर्णनापेक्षा आश्वासन अधिक असते.

मराठीतील जुनी नावे या दृष्टीने वेगळ्या जातीची आहेत. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, ठासणीची बंदूक या नावांत आकड्याचा मागमूस नाही. ती चालविणाऱ्याला काय करावे लागते, तेवढेच त्यांत सांगितले आहे. तोडा पेटवावा लागतो, दारू ठासावी लागते. दुनळी म्हणजे दोन नळ्यांची. तेथेही किती बार काढता येतील एवढीच माहिती. 'बंदूक' हा शब्द अरबीतून आलेला, 'काडतूस' व 'पिस्तूल' हे पोर्तुगीजांकडून. परंतु बंदुकीची जात ओळखण्याची ही पद्धत मात्र वापरणाऱ्याच्या हातावरून बसलेली दिसते. कोकणात आजही परवान्याच्या बंदुकीविषयी बोलताना 'ठासणीची' हा शब्द सर्रास ऐकू येतो. हा भेद पुढे उपयोगी पडेल, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

आता माणसांकडे वळू. सर सॅम्युएल बेकर (१८२१–१८९३) हा जड हत्यारांचा प्रख्यात पुरस्कर्ता. सिलोनमध्ये हत्तींच्या शिकारीत त्याचे तारुण्य गेले, आणि १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या शिकारग्रंथात जड गोळी व दारूचा भरपूर भार यांची बाजू त्याने हिरिरीने मांडली आहे. स्वतः तो असाधारण शरीरसामर्थ्याचा होता, ही गोष्ट त्याचा सल्ला वाचताना विसरता कामा नये. पुढे नाईलच्या उपनद्यांच्या प्रदेशात हिंडताना त्याच्यापाशी एक अजस्र रायफल होती. अर्धा पौंड वजनाचा, फुटणारा गोळा ती फेकीत असे. तिचे नाव त्याने 'बेबी' असे ठेवले होते. त्याच्या अरब सोबत्यांनी तिला 'तोफेचे पोर' अशा अर्थाचे नाव दिले, आणि ते जिभेला लांब पडे म्हणून त्याचे 'बाळ' एवढेच उरले, असे तो सांगतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हीच रायफल उडविण्याची त्याला धास्ती वाटे. बार होताच ती आपल्याला गरकन फिरवून टाकते असे त्याने मोकळेपणाने लिहिले आहे, आणि ती क्वचितच वापरीत असल्याचेही कबूल केले आहे. जवळ असावी परंतु उडवावी लागू नये, अशी ही आवड आहे. तिला आवड म्हणावे की प्रतिष्ठा, असा प्रश्न पडतो. बेकरचे उत्तरायुष्यातील मत या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८९० साली, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, वाघासारख्या जनावरासाठी त्याने .५७७ ची रायफल शिफारशिली. ती आजच्या मानाने जडच, परंतु 'बेबी'च्या मानाने फारच माणसाळलेली. आणि त्याचा सर्व भर नळीच्या आकारावर नसून गोळी शुद्ध शिशाची व भरीव असावी, पोकळ नसावी, यावर आहे. आकड्याकडून तो गोळीच्या वर्तनाकडे आला आहे.

फ्रेडरिक सेलूस (१८५१–१९१७) याचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो दक्षिण आफ्रिकेत उतरला. पुढे मटाबेलेंचा राजा लोबेंग्युला याच्याकडे हत्ती मारण्याची अनुज्ञा मागावयास तो गेला, तेव्हा राजाने या पोराकडे पाहून, तू चिमुकली हरणे मारावयास आला असशील, अशी त्याची थट्टा केली होती. त्याची चांगली दुनळी रायफल वाटेतच चोरीस गेली. तेव्हा त्याने बर्मिंगहॅमच्या बनावटीच्या, गुळगुळीत नळीच्या, स्वस्तातल्या चार बोअर ठासणीच्या बंदुका घेतल्या. त्यांत चार औंसांची गोळी जाई, आणि दारू पिशवीतून मुठीने काढून ओतली जाई. या बंदुकांनी त्याने ७८ हत्ती मारले. आकडा पाहणाऱ्याला वाटेल की एवढ्या यशानंतर माणूस त्या हत्यारावर लुब्ध होईल. परंतु घडले ते उलट. एकदा बार न उडाल्यामुळे बंदूक चुकून दुहेरी ठासली गेली आणि नंतरच्या बाराने तो फेकला गेला. असे प्रसंग सोडले तरी रोजचा धक्काच इतका जबर होता की, त्याने आपल्या मज्जातंतूंची हानी झाली व नेमबाजी पुढे कितीतरी काळ बिघडली, या बंदुका हाती आल्याच नसत्या तर बरे झाले असते, असा अभिप्राय त्याने लिहून ठेवला. पुढे तो दहा बोअर, मग .४५० च्या आसपासची एकनळी रायफल, आणि शेवटी .३०३, .२५६ अशा लहान नळ्यांपर्यंत आला.

या धक्क्याचे कार्य कसे चालते हे समजून घेतल्याशिवाय पुढील विवेचन पोकळ राहील. बार झाल्यावर जो धक्का बसतो त्याने नेम बिघडत नाही. तोवर गोळी नळीबाहेर पडून गेलेली असते. नेम बिघडतो तो धक्क्याच्या अपेक्षेने. शरीर एकदा दुखावले की चाप ओढण्याच्या क्षणी खांदा आधीच आक्रसतो, डोळा मिटतो, मूठ आवळली जाते, आणि नळीचे तोंड केसभर हलते. ही हालचाल माणसाला स्वतःला कळत नाही, कारण पाठोपाठ होणारा बार तिला झाकून टाकतो. ती उघडकीस आणण्याची जुनी युक्ती अशी की, भरलेल्या काडतुसांत एखादे रिकामे काडतूस चाप ओढणाऱ्याच्या नकळत मिसळावयाचे. बार होत नाही, आणि तरीही नळी खाली झुकलेली सर्वांना दिसते. ज्याने आपल्या हाताचा हा दगा एकदा पाहिला, त्याच्या दृष्टीने बंदुकीचे मूल्य बदलते. तोवर तो 'ही किती जोराने मारते' असे विचारीत होता. आता 'ही हातात असता मी कसा वागतो' असे त्याला विचारावे लागते.

येथे एक आक्षेप उपस्थित होईल, आणि तो गंभीर आहे. सेलूसची आवड पालटली ती अनुभवाने की काळाने? १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएय याने निर्धूर दारू सिद्ध केली. १८८६ मध्ये लेबेल रायफलीत तिचा उपयोग झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत इंग्रजांचे कॉर्डाइट आले. या दारूने लहान नळीच्या गोळीला पूर्वी अशक्य असलेला वेग मिळाला, आणि धातूच्या वेष्टनामुळे ती गोळी हाडातही सरळ जाऊ लागली. मग सगळेच लहान नळीकडे वळले, त्यात अनुभवाचे ते काय? केवळ आरंभ व शेवट पाहणाऱ्याला या आक्षेपाचे उत्तर देता येणार नाही. परंतु मधले टप्पे पाहिले तर भेद करता येतो. सेलूसने चार बोअर टाकली ती निर्धूर दारूच्या कितीतरी आधी, काळ्या दारूच्याच युगात, आणि तिच्या जागी घेतलेली हत्यारेही काळ्या दारूचीच होती. हा टप्पा अनुभवाचा. .३०३ व .२५६ हा टप्पा मात्र बव्हंशी शोधाचा. एकाच माणसाच्या आयुष्यातील हे दोन पालट दिसावयास एका दिशेचे आहेत, परंतु त्यांची कारणे भिन्न आहेत. आपल्या विद्यार्थ्यांना ध्वनिपरिवर्तनाच्या बाबतीत जी सावधगिरी आपण शिकवितो तीच येथेही पाळावी लागते. दिशा एक म्हणून कारण एक, असे मानता येत नाही.

डब्ल्यू. डी. एम. बेल (१८८०–१९५४) याच्याकडे पाहताना ही सावधगिरी विशेष हवी. करामोजा प्रदेशावरून 'करामोजो बेल' म्हणून ओळखल्या गेलेल्या या स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतील फार मोठा वाटा .२७५ च्या म्हणजे ७ मिलिमीटरच्या रायफलीने. हत्तीसमोर ही रायफल म्हणजे काडीच. लहान नळीच्या पुरस्कर्त्यांनी त्याचे नाव निशाणासारखे मिरविले, हे स्वाभाविक होय. परंतु बेलने स्वतः जे सांगितले आहे त्याचा रोख निराळा आहे. हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कोठे व केवढा असतो हे त्याने पाहिले, त्याच्या आकृत्या काढल्या, बाजूने, समोरून आणि तिरक्या कोनातून तो कोठे येईल याचा अभ्यास केला. मेंदूत गोळी गेली तर नळी कितीची हा प्रश्न उरत नाही, आणि गेली नाही तर मोठी नळीही पुरतेच असे नाही, ही त्याची भूमिका. रिकाम्या रायफलीने नेम धरून चाप ओढण्याचा सराव तो सदैव करीत असे. हलकी रायफल त्याला हवी होती याचे आणखी एक कारण म्हणजे हस्तिदंताच्या मागावर दिवसभर चालावे लागे आणि हत्यार स्वतःच्या हातात असावे असा त्याचा आग्रह होता. नोकराच्या खांद्यावरील जड रायफल ऐनवेळी नोकराबरोबर पळून जाण्याचा संभव असतो. त्या काडतुसांनी त्याला कधी दगा दिला नाही, हेही त्याच्या निष्ठेचे एक कारण होते. अंतर, चाल, कवटी, काडतुसाची इमानदारी अशी कितीतरी कारणे त्याच्या एका आवडीत गुंफलेली आहेत. नवखा माणूस त्यातून '.२७५' एवढेच उचलतो. म्हणजे पूर्वी मोठ्या आकड्यावर भाळलेला माणूस आता लहान आकड्यावर भाळला. आकड्यावर भाळण्याची वृत्ती मात्र तशीच राहिली.

बेलच्या नेमक्या उलट टोकाला जॉन टेलर (१९०४–१९६९) आहे. 'पोंडोरो' या नावाने प्रसिद्ध असलेला हा आयरिश माणूस पोर्तुगीज पूर्व आफ्रिकेत अनेक वर्षे, बरीचशी कायद्याच्या पलीकडे राहून, हत्ती मारीत होता. आफ्रिकेत वापरावयाच्या रायफली व काडतुसे यांवरील त्याचा ग्रंथ १९४८ साली निघाला. त्यात त्याने एक सूत्र दिले आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत आणि व्यास इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावयाचा आणि त्याला ७००० ने भागावयाचे. या हिशेबाने ७ मिलिमीटरच्या १७३ ग्रेनी गोळीला सुमारे १६ गुण मिळतात, तर .४७० च्या ५०० ग्रेनी गोळीला सुमारे ७३. वरवर पाहता हा तर आकड्याचा पुनर्जन्म झाला. परंतु टेलरचा आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो हे पाहिले पाहिजे. गोळी मेंदूत लागली तर सारख्याच, हे त्यालाही मान्य आहे. गोळी मेंदूच्या जवळून गेली पण मेंदू चुकला, तर हत्ती किती वेळ सुन्न होऊन राहील, हे सांगण्यासाठी त्याचे सूत्र आहे. दाट झाडीत, दहा-पंधरा पावलांवर, अंगावर येणाऱ्या जनावरासमोर नेम चुकण्याचा संभव गृहीत धरून तो हत्यार निवडतो. बेल आपल्या अचूकतेवर हत्यार बेततो, टेलर आपल्या संभाव्य चुकीवर. उत्तरे परस्परविरोधी आहेत. तथापि दोघांच्याही वाक्यांत 'मी' आणि 'जर' हे दोन शब्द आहेत, आणि नवख्याच्या वाक्यात नेमके तेच नसतात.

मोठ्या जनावरासाठी किमान .३७५ किंवा त्याच्या आसपासची नळी असलीच पाहिजे असा दंडक पुढे अनेक आफ्रिकी देशांनी घातला. कायद्याने टेलरची बाजू घेतली असे यावरून म्हणता येईल. परंतु त्याचे कारण उघड आहे. कायदा बेलसारख्यांसाठी करावयाचा नसतो. शिवाय आपल्यापुढे जे लेखन आहे ते जगलेल्यांचे आहे. लहान नळी घेऊन हत्तीसमोर गेलेला आणि परत न आलेला माणूस ग्रंथ लिहीत नाही. अनुभवी माणसांच्या मताला प्रमाण मानताना ही निवड आपोआप झालेली असते, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेत हाच वाद जॅक ओकॉनर (१९०२–१९७८) आणि एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांच्यात दीर्घकाळ चालला. ओकॉनर हा ॲरिझोना विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचा प्राध्यापक होता आणि .२७० विंचेस्टरचा कट्टा अभिमानी. कीथ गुरेढोरे राखणारा, आयडाहोच्या रानात शिकाऱ्यांचा वाटाड्या म्हणून वावरलेला, जड व रुंद गोळीचा तितकाच कट्टा कैवारी. १९५५ साली बाजारात आलेले .४४ मॅग्नम पिस्तूल ही मुख्यतः त्याच्याच आग्रहाची फलश्रुती. दोघांचाही अनुभव अर्धशतकाचा, आणि दोघांनीही आपले मत शेवटपर्यंत सोडले नाही. अनुभवाने आवड एका ठिकाणी येऊन मिळते असे ज्यांना वाटते त्यांनी ही जोडी ध्यानात ठेवावी. ओकॉनरचे मन उघड्या डोंगरकड्यांवरील रानमेंढ्यांत गुंतलेले होते. तेथे अंतर फार, जनावर स्थिर, आणि चढण अशी की प्रत्येक पौंड जाणवावा. कीथच्या डोळ्यांपुढे देवदारांच्या दाटीतून पाठमोरे पळणारे एल्क हरिण होते. वाद वाचताना तो बंदुकींचा वाद वाटतो. वस्तुतः तो दोन भूप्रदेशांचा आहे. दोघांनाही ते कळत नव्हते असे म्हणवत नाही, परंतु वाचकांना वाद हवा होता आणि मासिकांना वाचक.

आता या लेखनाच्या भाषेकडे पाहू. नवख्याच्या वाक्यात बंदूक ही कर्ता असते: बंदूक पाडते, बंदूक भेदते, बंदूक थांबवते. विशेषणे वस्तूच्या अंगची असतात: मोठी, जोरदार, लांब पल्ल्याची, नवी. मुरलेल्याच्या लेखनात ही विशेषणे नाहीशी होत नाहीत, पण मागे सरतात, आणि त्यांच्या जागी संबंध सांगणारे शब्द येतात. दस्ता खांद्याला लागताच नळी डोळ्याच्या रेषेत येते की नाही, वजन दोन हातांमध्ये कोठे तोलले जाते, चाप किती दाबाने सुटतो, अंधारात बोट न चाचपडता कळेपाशी जाते की नाही. यांतील एकही गुण बंदुकीचा एकटीचा नाही. तीच बंदूक लांब हाताच्या माणसाला बोजड आणि आखूड हाताच्या माणसाला चपखल वाटेल, किंवा याच्या उलट. इंग्रजी कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात दस्त्याची लांबी व बाक हवा तसा वळविता येईल अशी मापाची बंदूक तयार केली आणि शिंपी अंगरख्याचे माप घेतो तसे गिऱ्हाइकाचे माप घेऊ लागले, ते याच जाणिवेतून.

मराठीत ही जाणीव एका साध्या क्रियापदात आधीच साठविलेली आहे. अंगरखा अंगाला बसतो, दस्ता खांद्याला बसतो, सरावाने हात बसतो, नेम बसतो, गोळी बसते, आणि धक्काही बसतो. माप, सराव, अचूकता, परिणाम आणि दुखापत या पाच गोष्टींना इंग्रजी शिकारी पाच शब्द वापरतो. आपण 'बसणे' या एकाच धातूने त्या सांगतो. यावरून मराठी भाषक अधिक चांगले नेमबाज असले पाहिजेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. एवढेच म्हणता येईल की, 'ही बंदूक मला बसत नाही' हे वाक्य उच्चारावयास मराठी माणसाला फार मोठा अनुभव लागत नाही. ते खरेपणाने उच्चारावयास मात्र लागतो.

छऱ्यांच्या बंदुकीच्या बाबतीत हा पालट कागदावर मोजून दाखविता येतो, म्हणून त्याचा उल्लेख करतो. नळीचे तोंड किंचित आवळून छऱ्यांचा फैलाव कमी करण्याची युक्ती, म्हणजे चोक, १८७० नंतरच्या दशकात लोकप्रिय झाली. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाच्या वर्तुळात सरळ नळीचे सुमारे ४० टक्के छर्रे पडतात, तर पूर्ण आवळलेल्या नळीचे सुमारे ७० टक्के. कागदावरील ते दाट भोकांचे वर्तुळ पाहून कोणाचेही मन मोहून जाईल, आणि नवे गिऱ्हाईक पूर्ण चोक मागते ते त्यामुळेच. परंतु पक्षी बहुधा चाळीस यार्डांवर उठत नाही. वीस-पंचवीस यार्डांवर उठतो. तेथे तोच दाट झुबका पक्ष्याला एक तर साफ चुकवतो किंवा त्याच्या चिंधड्या करतो. काही हंगाम गेल्यावर पुष्कळ लोक नळीचे तोंड पुन्हा मोकळे करून घेतात.

शेवटी जिम कॉर्बेटचा (१८७५–१९५५) विचार करावयाचा, कारण त्याच्या ठायी आवडीचा आरंभ इतरांहून निराळा झाला. लहानपणी त्याला मिळालेली बंदूक ठासणीची दुनळी होती, आणि तिची एक नळी पूर्वीच फुटून निकामी झालेली होती. दारू व छर्रे मोजके. एका बाराने काम झाले नाही तर पुन्हा ठासेपर्यंत जनावर थांबणार नाही, हे त्याला वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी ठाऊक होते. मोठ्या आकड्याच्या मोहाला तेथे वावच नव्हता. ही सवय पुढेही टिकली. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीवर तो गेला तेव्हा .५०० च्या रायफलीबरोबर त्याने तीनच काडतुसे घेतली होती. ती संपली, आणि धावत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक त्याला आणावी लागली. त्या वाघिणीच्या नावे ४३६ बळी नोंदले गेले होते. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ह्यूएट यांनी त्याला .२७५ ची रिग्बी रायफल भेट दिली, आणि १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबळ्या तिनेच पडला, अंधारात, रायफलीला बांधलेल्या विजेच्या बत्तीच्या क्षणभराच्या उजेडात. चौगढच्या वाघिणीसमोर तो १९३० मध्ये अचानक आला तेव्हा त्याच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती. वाघीण काही पावलांवर बसलेली; दुसरा हात लावावयास हालचाल केली असती तर ती झेपावली असती. त्याने उजव्या हातानेच रायफल हळूहळू फिरवीत आणली आणि चाप ओढला. हलक्या व तोलदार हत्याराची कोणतीही शास्त्रीय चर्चा या एका वर्तुळाकार हालचालीइतकी पुरेशी नाही.

तरीही गरजेनुसार जड दुनळी रायफलही तो जवळ बाळगीत असे. .२७५ हे त्याचे तत्त्व नव्हते. रात्री कोठे बसावयाचे, जनावर किती अंतरावर येईल, दुसरा बार मिळेल की नाही, यावर त्याची निवड ठरे.

मध्यंतरी त्याने चलच्चित्रणाचा कॅमेरा हाती घेतला होता. एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने काढलेली वाघांची छायाचित्रे १९२७ साली ग्रंथरूपाने आली होती, आणि तिचा प्रभाव त्याच्यावर पडला. कॅमेऱ्याने वाघ मिळविणे रायफलीपेक्षा कठीण, कारण त्याला जवळ, उजेडात आणि निर्धास्त असा आणावा लागतो. मारण्यासाठी यांतील एकही गोष्ट अपरिहार्य नाही. इंग्रजीत दोन्ही क्रियांना एकच क्रियापद चालते. मराठीतही 'टिपणे' दोहोंकडे चालते. पाखरू बंदुकीने टिपतात, दृश्य कॅमेऱ्याने टिपतात, आणि चोचीने दाणा टिपणे हा तर त्याचा मूळ, निरुपद्रवी अर्थ. कॉर्बेटने बंदूक मात्र ठेवून दिली नाही. नरभक्षक जनावराची वार्ता आली की तो पुन्हा निघे. १९३८ च्या नोव्हेंबरात ठाकच्या वाघिणीवर त्याने शेवटची गोळी झाडली, तेव्हा त्याचे वय ६३ वर्षांचे होते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा अनुभवाला मोकळे रान उरले नाही, ते योग्यच झाले. ठासणीची, दुनळी, बारा बोअर हे शब्द परवान्याच्या कागदांवर अजून आहेत. ते वापरणारे जुने बंदूकधारक कोकणातील व विदर्भातील गावांत अद्याप भेटतात, आणि ते आपल्या हत्यारांविषयी कोणत्या क्रियापदांनी बोलतात, याची नोंद आमच्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने करावयास घेतल्यास ती उपयोगी पडेल.